फ्रान्सची विमाने : घरची जोडी आणि सावड



आमच्या महाविद्यालयात खेड्यापाड्यांतून येणारी मुले पुष्कळ आहेत. एकदा इतिहासाच्या तासाला युरोपचा नकाशा भिंतीवर टांगला होता. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला, फ्रान्सवर बोट ठेवून म्हणाला, "सर, हा एवढासा देश. मग आपण लढाऊ विमानं यांच्याकडून का घेतो? यांना जमतं ते आपल्याला का जमू नये?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला तास पुरला नाही. खरोखरच पाहा, फ्रान्सचे युरोपातले क्षेत्रफळ साडेपाच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहूनही कमी. लोकवस्ती सात कोटींच्या आत. महाराष्ट्राची २०११ च्या शिरगणतीतच अकरा कोटींवर गेली होती. असे असून लढाऊ विमानाचा सांगाडा, त्याचे इंजिन आणि त्याची अस्त्रे हे सारे घरी बनवू शकणाऱ्या मोजक्या देशांत फ्रान्सची गणना होते. हे कसे घडले ते आज पाहू.

शेतकऱ्याला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. वाफसा आला आणि बैल उसने असले, की आपली पेरणी मागे पडते. आधी बैलवाल्याचे रान होते, मग आपले. म्हणून प्रत्येकाला वाटते, घरची जोडी हवी. पण काही कामे अशी असतात, की एका जोडीने उरकत नाहीत. तेव्हा आपण सावड करतो. दोन-चार घरे आपापले बैल नि माणसे एकत्र आणतात आणि आळीपाळीने सर्वांची रानं उरकतात. फ्रान्सच्या विमानांचा सारा इतिहास या दोन गोष्टींत सामावलेला आहे. लढाऊ विमानांसाठी त्यांनी घरची जोडी सांभाळली, आणि प्रवासी विमानांसाठी सावड केली.

आकाशाचा नाद मात्र फ्रेंचांना फार जुना. माँगोल्फिए नावाचे दोन भाऊ कागदाच्या कारखान्याचे मालक होते. चुलीतला धूर वर जातो, मग धुराने भरलेली पिशवीही वर का जाऊ नये, अशा विचाराने त्यांनी मोठे फुगे केले. १७८३ च्या सप्टेंबरात व्हर्सायला राजासमोर त्यांनी एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा यांना फुग्यातून वर पाठवले. प्राणी सुखरूप उतरले. मग त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला पॅरिसवरून दोन माणसे फुग्यातून तरंगत गेली. माणसाने जमिनीची संगत सोडून केलेला तो पहिला मोकळा प्रवास. वस्तुतः धुरात काही जादू नव्हती. हवा तापली की हलकी होते, एवढेच त्यामागचे शास्त्र.

यंत्राच्या बळावर उडण्याचा मान अमेरिकेच्या राईट बंधूंचा. १९०३ साली त्यांनी तो मिळवला. फ्रान्समध्ये क्लेमां आदेर याने १८९० सालीच वटवाघळासारख्या पंखांचे, वाफेच्या इंजिनाचे यान जमिनीपासून वीतभर उचलले होते, पण ती उडीच होती. तिला उड्डाण म्हणता येत नाही. तरी आदेरने एक गोष्ट मागे ठेवली. विमानाला फ्रेंच भाषेत आजही म्हणतात तो 'आव्हियाँ' हा शब्द त्याचाच. आपण विमानाचे घर म्हणून 'हँगर' म्हणतो, तोही शब्द फ्रेंचच, बरं का.

१९०८ साली थोरल्या राईटने फ्रान्समध्ये येऊन आपले विमान उडवून दाखवले, तेव्हा फ्रेंच विमानकारांचे डोळे उघडले. आपण मागे पडलो हे त्यांना कळून चुकले. पण ते रुसून बसले नाहीत. एका वर्षाच्या आत लुई ब्लेरियो या गृहस्थाने जगाला चकित केले. मोटारींचे दिवे तयार करून कमावलेला पैसा त्याने विमानांत घातला होता आणि अनेकदा आपटूनही घेतले होते. २५ जुलै १९०९ च्या पहाटे, पाय भाजलेला असताना, तो फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघाला. इंजिन पंचवीस अश्वशक्तीचे, म्हणजे आजच्या लहानशा ट्रॅक्टरएवढे. जवळ होकायंत्रही नव्हते. वाटेत काही मिनिटे त्याला कुठलाच किनारा दिसेना, सगळीकडे पाणीच पाणी. तरी सदतीस मिनिटांच्या आसपास तो इंग्लंडच्या डोव्हरला उतरला. समुद्र हा इंग्लंडचा तट होता. तो तट एका लाकडी-कापडी यंत्राने ओलांडला. त्या दिवशी अनेक राजधान्यांत लोक विचारात पडले असतील.

या फ्रेंच नादाचे आपल्याकडेही दोन धागे आहेत. पहिला अलाहाबादचा, म्हणजे आजच्या प्रयागराजचा. १८ फेब्रुवारी १९११ रोजी तेथल्या प्रदर्शनाच्या वेळी आंरी पेके या तरुण फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुनेपलीकडच्या नैनीला विमान नेले. जगातली पहिली अधिकृत विमान-टपाल ती हीच. दुसरा धागा जे. आर. डी. टाटांचा. त्यांची आई फ्रेंच. त्यांचा जन्म १९०४ सालचा, पॅरिसचा. समुद्रकाठी त्यांच्या कुटुंबाचे एक घर होते आणि तेथे ब्लेरियोचे कुटुंब शेजारी. लहानग्या जहांगीरने वाळूवर उतरणारी विमाने पाहिली, आणि मनात जे बी पडले ते पुढे उगवले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन त्यांचे छोटे विमान मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर उतरले. आपल्या देशातल्या विमान कंपनीची सुरुवात तेथून झाली.

पहिल्या महायुद्धात हे खेळणे शस्त्र बनले. रोलां गारोस या फ्रेंच वैमानिकाने एक अडचण हेरली. बंदूक सरळ पुढे रोखावी तर वाटेत फिरता पंखा येतो, आणि आपल्याच गोळीने आपलाच पंखा तुटायचा. त्याने पंख्याच्या पात्यांवर पोलादी पाचरी बसवल्या. पात्यावर आलेली गोळी त्यावरून घसरून जाई. १९१५ च्या वसंतात ही युक्ती काही दिवस फार चालली. मग त्याचे विमान शत्रूच्या हद्दीत उतरले, आणि जर्मनांनी त्यापेक्षाही सरस उपाय काढला. पाते समोर आले की गोळी थांबेल अशी यंत्रणा त्यांनी बसवली. १९१८ साली गारोस युद्धात मरण पावला. पॅरिसचे प्रसिद्ध टेनिसचे मैदान त्याच्याच नावाचे आहे. तो टेनिसपटू होता असा पुष्कळांचा समज असतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

युद्ध संपले आणि कारखान्यांत विमाने पडून राहिली. तेव्हा तुलूझ शहरातल्या लातेकोएर नावाच्या कारखानदाराने ठरवले की विमानाने टपाल न्यायची. २५ डिसेंबर १९१८ ला तुलूझहून बार्सिलोनाला पहिली फेरी झाली. पुढे ती वाट मोरोक्को, सहाराचे वाळवंट, डाकार आणि समुद्रापलीकडे दक्षिण अमेरिकेपर्यंत गेली. मेर्मोझ या वैमानिकाने १९३० साली टपाल घेऊन दक्षिण अटलांटिक ओलांडला. त्याच वर्षी गियोमे नावाच्या वैमानिकाचे विमान अँडीज पर्वताच्या बर्फात कोसळले आणि तो गडी पाच दिवस बर्फातून चालत माणसांत परत आला. छोट्या राजकुमाराची जगप्रसिद्ध गोष्ट लिहिणारा सेंत-एक्झ्युपेरी हा याच टपालवाल्यांतला. मेर्मोझ १९३६ साली समुद्रावर नाहीसा झाला, सेंत-एक्झ्युपेरी १९४४ साली युद्धात. आपल्या दारात पोस्टमन येतो तेव्हा त्याच्या झोळीमागे अशी माणसे उभी आहेत, हे शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावे.

एवढी परंपरा असूनही १९४० साली काय झाले? दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर फ्रान्सचे विमान-कारखाने गोंधळात होते. मालकी बदलत होती, नमुने बदलत होते, चांगली विमाने उशिरा बाहेर पडत होती. ऐन वेळी अमेरिकेकडून लढाऊ विमाने मागवावी लागली. जर्मन फौजा आल्या आणि सहा आठवड्यांत देश पडला. पेरणी हुकली तर एक हंगाम जातो. येथे चार वर्षांचे स्वातंत्र्य गेले. फ्रान्सच्या पराभवाची कारणे अनेक आहेत, विमाने हे त्यातले एक. पण हा घाव त्या राष्ट्राच्या मनावर राहिला, आणि पुढची कथा त्या घावातून निघते.

त्या कथेतले मुख्य पात्र म्हणजे मार्सेल ब्लॉक. पहिल्या महायुद्धात याने विमानाच्या पंख्याचा उत्तम नमुना केला होता. पुढे स्वतःचा कारखाना काढला. तो ज्यू होता. जर्मनांसाठी काम करायला त्याने नकार दिला, तेव्हा त्याला कैद झाली आणि १९४४ साली बुखेनवाल्डच्या छळछावणीत पाठवण्यात आले. १९४५ च्या एप्रिलमध्ये तो तेथून जिवंत सुटला, पण देहाचा सांगाडा होऊन. वय त्रेपन्न. दुसरा कोणी घरी बसला असता. याने पुन्हा कारखाना उभा केला आणि आडनाव बदलून 'दासो' घेतले. त्याच्या भावाने भूमिगत लढ्यात जे टोपणनाव घेतले होते, त्यावरून हे नाव आले. आपल्या वर्तमानपत्रांत 'दसॉल्ट' असे छापतात ते हेच.

दासोने पहिले जेट लढाऊ विमान १९४९ साली उडवले. नाव 'उरागाँ', म्हणजे तुफान. १९५३ साली ते भारतीय वायुदलात आले तेव्हा आपण त्याचे 'तूफानी' असे बारसे केले. आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण शेवटी तिचे काम पडणार आहे. या विमानाचा सांगाडा फ्रेंच होता, पण इंजिन ब्रिटिश नमुन्याचे, परवाना घेऊन फ्रान्समध्ये बनवलेले. म्हणजे फ्रान्सनेही सुरुवात उसन्या बैलानेच केली! मात्र त्याच वेळी दुसरीकडे स्वतःच्या इंजिनाचे काम १९४५ पासूनच चालू होते. युद्ध हरलेल्या जर्मनीतले इंजिन-तज्ज्ञ फ्रान्सने आपल्याकडे आणले, त्यांच्या हाताखाली आपली माणसे तयार केली आणि 'आतार' हे जेट इंजिन घडवले.

तूफानीच्या पाठोपाठ 'मिस्तेर', म्हणजे गूढ, हे विमान १९५७ साली आपल्याकडे आले. १९६५ च्या युद्धात ७ सप्टेंबरला सरगोद्यावरच्या हल्ल्यात स्क्वाड्रन लीडर देवय्या यांनी याच विमानातून, त्याच्याहून कितीतरी वेगवान अशा शत्रूच्या स्टारफायटरशी झुंज घेतली आणि ते पाडले. ते स्वतः परतले नाहीत. त्यांचा पराक्रम उजेडात यायला वर्षे लागली. १९८८ साली त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

दासोचे सर्वांत गाजलेले विमान म्हणजे 'मिराज', म्हणजे मृगजळ. पहिले मिराज-३ हे १९५६ साली उडाले आणि १९५८ साली ते सरळ उड्डाणात ध्वनीच्या दुप्पट वेगाला पोचले. युरोपात हे प्रथमच घडत होते. या विमानाचे पंख त्रिकोणी. मुले वहीचे पान दुमडून जे बाणासारखे विमान करतात, अगदी त्याच आकाराचे, आणि शेपटीला आडवे पंख नाहीत. असा आकार का? अतिवेगाने जायचे तर पंख पातळ आणि मागे झुकलेला हवा, पण पातळ पंख मोडण्याची भीती. त्रिकोणी पंख अंगाला लांबवर चिकटलेला असल्यामुळे बळकट राहतो आणि त्याच्या पोटात इंधनही पुष्कळ मावते. दोष एवढाच, की असे विमान उतरताना नाक वर करून फार वेगाने येते, त्याला लांब धावपट्टी लागते, आणि झटकन वळण घेतले की त्याचा वेग गळतो.

पुढच्या 'मिराज-२०००' मध्ये हा दोष कमी केला. वैमानिकाच्या हातातला दांडा आणि पंखाच्या हलत्या पट्ट्या यांच्यामध्ये संगणक बसवला. वैमानिक नुसती इच्छा दाखवतो, पट्टी किती हलवायची हे संगणक क्षणोक्षणी ठरवतो. १९७८ साली उडालेले हे विमान १९८५ पासून आपल्या वायुदलात 'वज्र' नावाने आले. १९९९ च्या कारगिल युद्धात उंच शिखरांवरच्या ठाण्यांवर, टायगर हिलवरही, यांनीच नेमके बाँब टाकले.

विमान विकणाऱ्या देशाचे राजकारणही विमानाबरोबर येते, हे मात्र विसरू नये. १९६७ साली इस्रायल आणि अरब राष्ट्रे यांचे युद्ध पेटले, तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी इस्रायलला शस्त्रे देणे बंद केले. पैसे भरलेली पन्नास मिराज विमाने फ्रान्समध्येच राहिली. त्यानंतर इस्रायल स्वतःची विमाने बनवण्याच्या मागे लागला. याच्या उलट १९९८ साली भारताने अणुचाचणी केली, तेव्हा अमेरिकेने आपल्यावर निर्बंध घातले, फ्रान्सने घातले नाहीत. दोन्ही वेळा निर्णय विकणाऱ्याचा होता, घेणाऱ्याच्या हाती काही नव्हते. उसन्या बैलाची गोष्ट ती हीच.

लढाऊ विमानांखेरीज फ्रान्सने दुसरीही उपयोगी पाखरे दिली. आपल्या 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावर 'आलिझे' नावाची पाणबुडी-शोधक विमाने होती. भूगोलात आपण व्यापारी वारे शिकतो, त्यांचेच हे फ्रेंच नाव. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात ती कामाला आली. फ्रेंच 'आलुएत', म्हणजे चंडोल पक्षी, हे हेलिकॉप्टर आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवाना घेऊन १९६५ पासून बनवले; तेच आपले 'चेतक'. त्याच घराण्यातले 'चीता' तर हिमालयाच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवूनच घडवले गेले. त्याचा फ्रेंच अवतार १९७२ साली १२,४४२ मीटर उंच गेला, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर साडेतीन हजार मीटरांहून अधिक. तेथे त्याचे इंजिन बंद पडले, आणि वैमानिक झां बूले याने नुसत्या वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांच्या आधाराने ते सुखरूप खाली आणले. सियाचिनच्या बर्फातून जखमी जवान आणणारी आणि पुराने वेढलेल्या गावांतून माणसे उचलणारी चेतक-चीता ही याच वंशाची.

आता प्रवासी विमानांकडे वळू. १९५५ साली फ्रान्सने 'कारावेल' हे जेट विमान उडवले. त्याची इंजिने पंखाखाली न लावता शेपटीजवळ लावली होती, त्यामुळे आत बसणाऱ्यांना आवाज कमी. ही मांडणी पुढे जगभर उचलली गेली. इंडियन एअरलाइन्सने १९६४ साली घेतलेली तिची पहिली जेट विमाने ती हीच. तरीसुद्धा एकूण कारावेल तीनशेच्या आतच विकली गेली. अमेरिकेचे कारखाने मोठे, त्यांची घरची बाजारपेठ मोठी; त्यांच्यापुढे एकट्याचा टिकाव लागणे कठीण होते.

म्हणून १९६२ साली फ्रान्सने ब्रिटनशी करार केला आणि 'काँकॉर्ड' जन्मले. २ मार्च १९६९ ला ते तुलूझवरून प्रथम उडाले, १९७६ च्या जानेवारीत प्रवासी घेऊ लागले. ध्वनीच्या दुप्पट वेग! पॅरिसहून न्यूयॉर्क साडेतीन तासांत. हवेच्या घर्षणाने विमान एवढे तापे, की उडताना त्याची लांबी जवळजवळ एक वीत वाढायची. तोल राखण्यासाठी इंधन एका टाकीतून दुसरीत खेळवावे लागे. यंत्रकलेचा तो खरोखर चमत्कार होता. पण व्यवहाराचे काय? माणसे जेमतेम शंभर, इंधन बेसुमार, १९७३ नंतर तेलाचे भाव भडकलेले, आणि ध्वनीचा वेग ओलांडताना होणारा दणका एवढा मोठा, की जमिनीवरून तसे उडायला अनेक देशांनी मनाई केली. सगळी मिळून वीस विमाने झाली. त्यांतली चौदाच प्रवासी वाहतुकीत उतरली, तीही त्या दोन देशांच्या कंपन्यांतच. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ एक काँकॉर्ड पेटून कोसळले आणि ११३ जीव गेले. धावपट्टीवर दुसऱ्या विमानाची पडलेली धातूची एक पट्टी या अनर्थाला कारण झाली. ब्लेरियोने समुद्र ओलांडला तोही पंचवीस जुलैच. २००३ साली काँकॉर्ड कायमचे जमिनीवर आले.

काँकॉर्ड ही हौशीची सावड होती. 'एअरबस' ही गरजेची. १९६९ च्या मे महिन्यात फ्रान्स आणि जर्मनी यांनी करार केला. तीस वर्षांत दोनदा एकमेकांच्या उरावर बसलेले हे शेजारी आता एका औताला आले, ही गोष्ट विमानाहूनही मोठी आहे. विमानाचे नाक आणि मधला भाग फ्रान्सने करायचा, धड जर्मनीने, पंख ब्रिटनच्या कंपनीने, शेपटीचे पंख स्पेनने, आणि हे सारे तुलूझला आणून जोडायचे. टपालाची पहिली फेरी निघाली ते हेच गाव. पहिले विमान 'ए-३००' हे १९७२ साली उडाले. त्यांचा हिशेब साधा होता. एवढ्या रुंद विमानाला इतर लोक तीन-चार इंजिने लावत. यांनी दोनच लावली. इंजिन कमी, म्हणून इंधन कमी, दुरुस्ती कमी.

पण गिऱ्हाईक येईना. तयार विमाने तुलूझला धूळ खात उभी राहिली. त्या पडत्या काळात ज्या थोड्या कंपन्यांनी विश्वास टाकला त्यांत आपली इंडियन एअरलाइन्स होती. १९७६ साली तिने ए-३०० घेतले. पुढे १९७७ साली एअरबसने एका अमेरिकन कंपनीला चार विमाने सहा महिने फुकट वापरायला दिली. बैलबाजारात आपण जोडी औताला धरून पाहतो ना, तसेच. कंपनीला जोडी पसंत पडली, तिने तेवीस विमाने मागवली आणि अमेरिकेचे दार उघडले.

१९८७ साली 'ए-३२०' आले. मिराज-२००० मध्ये जी संगणकाची युक्ती आपण पाहिली, तीच येथे पूर्णपणे अंकीय रूपात प्रवासी विमानाला प्रथम लाभली. वैमानिकाच्या पुढ्यातले मोठे चाक गेले आणि बाजूला एक छोटा दांडा आला. घरच्या जोडीने शिकलेली गोष्ट सावडीच्या रानात उपयोगी पडली. आज आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानांत या घराण्याची विमाने फार आहेत. भारतातल्या एकाच कंपनीने २०२३ साली या घराण्याची पाचशे विमाने एकदम मागवली. २०१९ ते २०२४ या प्रत्येक वर्षी एअरबसने अमेरिकेच्या बोइंगहून अधिक विमाने ग्राहकांना दिली. सावडीतही आडाखे चुकतात, हे खरे. 'ए-३८०' हे दुमजली अवाढव्य विमान २००५ साली उडाले, पण पुरेसे घेणारे न मिळाल्याने २०२१ साली त्याची बांधणी थांबली.

लढाऊ विमानांत मात्र फ्रान्सने सावड मोडली. १९८५ साली ब्रिटन, जर्मनी आदी देशांबरोबर एक विमान करण्याचे ठरत होते. फ्रान्सला आपल्या जहाजावर उतरू शकेल असे हलके विमान हवे होते आणि आराखड्याची सूत्रे आपल्या हाती हवी होती. जमले नाही, तेव्हा तो बाहेर पडला. 'राफाल', म्हणजे वाऱ्याचा झोत, हे त्याचे फळ. त्याचा पहिला नमुना १९८६ साली उडाला. सांगाडा घरचा, इंजिन घरचे, रडार घरचे. किंमतही तशीच मोजावी लागली. २०१५ साली इजिप्तने घेईपर्यंत त्याला एकही परदेशी गिऱ्हाईक नव्हते. तीस वर्षे सारा भार फ्रेंच करदात्याने वाहिला. भारताने २०१६ साली ३६ राफाल घेण्याचा करार केला, त्यातली पहिली पाच २९ जुलै २०२० ला अंबाल्यात उतरली. नौदलासाठी आणखी २६ चा करार २०२५ च्या एप्रिलमध्ये झाला. आणि हेही लक्षात घ्या, की घरची जोडी परवडायची तर ती भाड्याने द्यावी लागते. शस्त्रे विकल्याशिवाय फ्रान्सचा हा संसार चालत नाही. ती कोणाला विकावी आणि कोणाला नाही, याचे ओझेही मग त्याच्याच माथी येते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. यांना जमतं ते आपल्याला का जमू नये?

जमेल, काही जमलेही आहे. आपले 'तेजस' हे त्रिकोणी पंखांचे विमान २००१ साली उडाले. सांगाडा आपला आहे, पण इंजिन अमेरिकेचे; आणि ती इंजिने वेळेवर आली नाहीत म्हणून सुधारित तेजसची कामे रखडल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. वाफसा आला, बैल आले नाहीत. यात खचून जाण्याचे कारण नाही. तूफानीचे इंजिनही उसनेच होते हे आठवा. फरक एवढा, की फ्रान्सने उसने बैल जोडले त्याच दिवशी घरच्या गोठ्यात वासरू वाढवायला घेतले, आणि सरकारे बदलली तरी त्याची वैरण तोडली नाही. आपण परवान्यावर चेतक बनवले, आता नागपूरच्या मिहानमध्ये दासोच्या भागीदारीतल्या कारखान्यात फाल्कन विमानांचे भाग बनतात. भाग बनवणे हे चांगले शिक्षण आहे. पण दुसऱ्याच्या आराखड्यावर हात बसणे वेगळे, आणि कोऱ्या कागदावर आपली रेघ ओढणे वेगळे. ते दुसरे काम शाळेतल्या गणिताच्या तासाला सुरू होते.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. मुलाने वहीचे पान फाडून त्रिकोणी विमान केले तर कान पिळू नका. त्याला विचारा, नाकाशी एक टाचणी लावली तर काय होईल? मागची कड थोडी वर वळवली तर? त्याला चार वेळा उडवू द्या, चार वेळा पडू द्या. ब्लेरियोही पुष्कळदा पडला होता.